बसते ते जुळतेच असे नाही



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, हे आम्ही समजू शकतो. ज्या व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण आणि आरोग्य यांची चर्चा व्हावयाची, तेथे जुन्या व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरला दुसऱ्या यंत्राचा प्लग कसा जोडावा हे सांगावयास कोणी उभे राहावे, हे प्रथमदर्शनी थोडे चमत्कारिकच वाटते. पोरांचा खेळ, त्याचे एवढे काय कौतुक, असे कोणी म्हणाल्यास आम्ही रागावणार नाही. एवढेच म्हणू की, दोन वस्तू एकमेकींस जोडताना त्यांचा आकार पाहावा की त्यांचा अर्थ पाहावा, हा प्रश्न काही पोरांचा नव्हे. तो प्रश्न या लहानशा विषयात जितका स्वच्छ दिसतो, तितका तो इतरत्र क्वचितच दिसतो. येथे उत्तर चुकले तर यंत्र जळते. उत्तर बरोबर आले तर वीस-पंचवीस वर्षे माळ्यावर पडलेले यंत्र पुन्हा बोलू लागते. आणि ज्याच्या हातांना ते यंत्र कधी खेळू देणार नव्हते, त्यालाही ते खेळू देते. म्हणून तासभर आपण हा विषय सोसावा, अशी विनंती आहे.

प्रथम प्रश्न असा की, अशा जोडणीची गरजच का पडावी? १९७७ साली अमेरिकेत अटारी कंपनीचे व्हीसीएस नावाचे खेळयंत्र निघाले. १९८२ साली कमोडोर ६४ हा घरगुती संगणक आला, १९८३ साली जपानात निंटेंडोचे फॅमिकॉम आले आणि १९८८ साली सेगाचे मेगाड्राइव्ह आले. यांपैकी कितीतरी यंत्रे आजही चालतात. त्यांच्या पोटात हलणारे भाग जवळजवळ नाहीतच, त्यामुळे झिजण्यासारखे फारसे काही नसते. कंट्रोलरचे नशीब मात्र निराळे. सारे आपटणे, ओढणे आणि दाबणे त्याच्या वाट्याला येते. बटणाखालचे रबर झिजते, आणि वायर जेथे कंट्रोलरच्या अंगात शिरते तेथे ती रोज वाकून वाकून आतून तुटते. विहीर शाबूत राहते आणि पोहऱ्याचा दोर झिजतो, त्यातलाच हा प्रकार. मग मूळ कंट्रोलर मिळत नाही, दुसऱ्या यंत्राचा मिळतो. त्याचा प्लग आपल्या यंत्रात बसत नाही. किंवा तो बसतो, आणि हे अधिक धोक्याचे असते. धोक्याचे का, ते पुढे येईलच.

आता कंट्रोलर म्हणजे काय ते पाहू. त्यात गूढ काही नाही. अटारीची जी प्रसिद्ध काळी काडी, तिच्या पोटात पाच खटके आहेत. चार दिशांचे चार आणि गोळी झाडण्याच्या लाल बटणाचा एक. दारावरच्या घंटेचे बटण आणि हे खटके यांत तत्त्वतः काहीच फरक नाही. दाबले की दोन तारा एकमेकींस टेकतात, सोडले की सुटतात. तिच्या प्लगला नऊ भोके असतात आणि यंत्रावर त्यांत शिरणाऱ्या नऊ पिना असतात. काडीला मात्र त्यांपैकी सहाच लागतात. पहिली पिन वर जाण्याची, दुसरी खाली येण्याची, तिसरी डावीची, चौथी उजवीची, सहावी गोळीची, आणि आठवी सर्वांना सामाईक असलेली ग्राउंडची.

यंत्राला खटका दाबल्याचे कळते कसे? आपल्याकडे काही दारांना स्प्रिंग लावलेली असते. कोणी ढकलले नाही तर दार आपोआप बंद राहते. तसेच यंत्र प्रत्येक तारेला एका रेझिस्टरमधून पाच व्होल्टांवर ओढून धरते. खटका दाबला की ती तार ग्राउंडला टेकते आणि शून्यावर येते. यंत्र एवढेच पाहते की, तार पाचावर आहे की शून्यावर आहे. म्हणजे येथे दाबले याचा अर्थ शून्य, आणि सोडले याचा अर्थ पाच. हा उलटा हिशेब नवख्या माणसाला बुचकळ्यात पाडतो. परंतु तो एकदा लक्षात ठेवला म्हणजे पुढचे पुष्कळसे सोपे होते.

उरलेल्या तीन पिनांचे काय? पाचवी आणि नववी या पिना फिरवण्याच्या गोल मुठीसाठी राखलेल्या आहेत, आणि सातवीवर यंत्र पाच व्होल्टांचा पुरवठा देते. मुठीत रेडिओचा आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणासारखा एक बदलता रेझिस्टर असतो. अटारीच्या मुठीतला रेझिस्टर १० लाख ओहमचा, तर कमोडोरच्या मुठीतला ४ लाख ७० हजारांचा. प्लग तोच, पिना त्याच. पण अटारीची मूठ कमोडोरला लावली तर अर्धी फिरवता फिरवताच पडद्यावरची फळी कडेला जाऊन टेकते. आकार जुळला, अर्थही जुळला, केवळ माप जुळले नाही, आणि तेवढ्यानेही खेळ बिघडला. मापाचा हा मुद्दा ध्यानात असू द्यावा.

हा नऊ पिनांचा प्लग अटारीने शोधलेला नव्हे. इंग्रजी डी अक्षरासारख्या पत्र्याच्या कवचातली ही प्लगांची जात कॅनन कंपनीने १९५२ साली बाजारात आणली. अटारीने तो तयार माल उचलला. पुढे कमोडोरच्या व्हीआयसी-२० ने आणि ६४ ने तोच प्लग घेतला, पिनांचा क्रमही तोच ठेवला. १९८५ साली अमिगा आणि अटारी एसटी हे संगणक आले, त्यांनीही तोच घेतला. कोणी कायदा केला नाही, कोणी परिषद भरवली नाही. रिवाज पडत गेला. सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम संगणकाला तर मुळात काडी लावण्याची सोयच नव्हती. ती सोय केम्पस्टन नावाच्या जोडयंत्राने करून दिली. ते मागच्या बाजूस बसवावयाचे आणि त्यात अटारीचीच काडी लावावयाची. संगणक ३१ क्रमांकाच्या दारावर विचारणा करी, आणि पाच खटक्यांची पाच उत्तरे एकदम मिळत. हाच स्पेक्ट्रम १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने आपल्या देशात विकला. तेव्हा सातासमुद्रांपलीकडच्या पिनांचा हा रिवाज आपल्या दारापर्यंत आलेला होता, एवढे म्हणावयास हरकत नाही.

येथपर्यंत सारे गोड आहे. पण रिवाजाचा एक दोष असा की, तो सर्वांना माहीत आहे असे सर्वजण गृहीत धरतात. आणि मग कोणीतरी तोच प्लग घेऊन त्यातला अर्थ बदलतो.

१९८६ साली अॅमस्ट्रॅड कंपनीने सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय विकत घेतला आणि स्पेक्ट्रम प्लस टू काढला. या खेपेस काडी लावण्याची जागा संगणकाच्या अंगावरच दिली. प्लग नऊ पिनांचाच. परंतु आतल्या तारा निराळ्या क्रमाने जोडलेल्या. लोकांच्या घरातल्या चांगल्या काड्या त्यात सहज शिरत आणि चालत मात्र नसत. चालावयाच्या तर एकतर त्या कंपनीची काडी घ्यावी, नाहीतर मधे एक लहानसा अॅडॅप्टर लावावा, ज्यात केवळ तारांची अदलाबदल केलेली असे. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण आपण माणसांविषयी वापरतो. प्लगांविषयीही ती वापरावी.

त्याहून गंभीर गोष्ट मेगाड्राइव्हची. या यंत्राच्या कंट्रोलरवर चार दिशा, ए, बी, सी अशी तीन बटणे आणि एक स्टार्टचे बटण आहे. म्हणजे एकूण आठ बातम्या यंत्राला द्यावयाच्या. प्लग नऊ पिनांचाच ठेवला. त्यांपैकी एक पिन पुरवठ्याची, एक ग्राउंडची आणि एक यंत्राच्या सूचनेची. नवातून तीन गेले, उरले सहा. सहा तारांतून आठ बातम्या कशा धाडावयाच्या? सेगाच्या इंजिनिअरांनी युक्ती केली ती अशी. आपल्या पोस्टात एकाच खिडकीवर दोन रांगा असाव्यात, आणि आतला कारकून हात वर करील तेव्हा पहिल्या रांगेने बोलावे, हात खाली करील तेव्हा दुसरीने, तसे हे आहे. सातव्या पिनेवर यंत्राने पाच व्होल्ट दिले म्हणजे कंट्रोलर चारही दिशा, बी आणि सी यांची खबर देतो. शून्य दिले म्हणजे त्याच तारांवरून ए आणि स्टार्ट यांची खबर येते. ही रांगांची अदलाबदल करण्यासाठी कंट्रोलरमध्ये एक लहान चिप बसवलेली असते. चिप आली म्हणजे तिला वीज लागणारच. ती वीज पाचव्या पिनेवर येते.

आता अटारीचा आणि सेगाचा क्रम शेजारी शेजारी ठेवून पाहा. अटारीचा पुरवठा सातव्या पिनेवर, सेगाचा पाचव्या. अटारीच्या पाचवीवर मूठ, सेगाच्या सातवीवर कारकुनाचा हात. दिशांच्या चार पिना तेवढ्या जशाच्या तशा. म्हणून मेगाड्राइव्हचा कंट्रोलर अटारीला लावला तर गंमत होते. सातवीवर कायमचे पाच व्होल्ट असल्यामुळे कंट्रोलर पहिल्याच रांगेवर थबकून राहतो, आणि दिशा व बी बटण व्यवस्थित चालतात. हे पाहून मनुष्याचा धीर चेपतो. तो म्हणतो, अटारीला चालले, कमोडोरचा क्रम अटारीचाच, मग तेथेही चालेल. आणि तो ते कमोडोर ६४ ला लावतो.

येथे घात होण्याचा संभव आहे. कमोडोर ६४ मध्ये काडीच्या तारा आणि कळफलकाच्या तारा एकाच चिपेवर सामाईक आहेत. पहिल्या जागेत काडी लावून हलवली तर पडद्यावर आपोआप अक्षरे उमटतात, ती याचमुळे. कळा तपासताना संगणक स्वतः काही तारा शून्यावर खेचत असतो. साधी काडी याला आड येत नाही, कारण ती तारेला शून्यावर नेऊ शकते, पण पाचावर कधी रेटत नाही. सेगाच्या कंट्रोलरमधली चिप मात्र बटण सुटलेले असताना तारेला जोराने पाचावर रेटते. एकीकडून संगणक खाली खेचतो आणि दुसरीकडून कंट्रोलर वर रेटतो. या रस्सीखेचीत दोर तुटत नाही, रस्सी धरणाऱ्याचा हात जातो. संगणकातली ती चिप कायमची निकामी होऊ शकते. प्लग किती सुरेख बसला होता! टक्क असा आवाजही झाला असेल.

यावर उपाय आहे, आणि तो अगदी थोड्या मोलाच्या वस्तूंनी होतो. मधे एक अॅडॅप्टर करावा. संगणकाच्या सातव्या पिनेवरचे पाच व्होल्ट कंट्रोलरच्या पाचवीला पुरवठा म्हणून द्यावेत आणि त्याच्याच सातवीलाही द्यावेत, म्हणजे तो पहिल्या रांगेवर राहील. ग्राउंडला ग्राउंड जोडावे. चार दिशा आणि बी बटण या पाच तारांत प्रत्येकी एक डायोड घालावा, त्याची रेघ कंट्रोलरकडे करावी. डायोड म्हणजे विजेचा एकदिशा मार्ग. आता कंट्रोलर तारेला खाली खेचू शकतो, वर रेटू शकत नाही. म्हणजे तो साध्या काडीसारखा सभ्यपणे वागू लागतो. डायोड शॉट्की जातीचे घेतले तर त्यांच्यात वाया जाणारे व्होल्टेज कमी असते. सी बटणाची तार मोकळी सोडावी.

हा धोका केवळ परदेशी यंत्रांचा आहे असे कोणी समजू नये. १९९०च्या दशकात आपल्याकडे टीव्ही व्हिडिओ गेम म्हणून जी स्वस्त यंत्रे घरोघर आली, ती बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या. आपली मुले कंट्रोलरला रिमोट म्हणत आणि कार्ट्रिजला कॅसेट. मूळ जपानी फॅमिकॉमचे कंट्रोलर यंत्राला कायमचे जोडलेले होते. वायर तुटली तर यंत्रच उघडावे लागे. नकला करणाऱ्यांनी मात्र रिमोट सुटे ठेवले आणि पुष्कळांनी त्यांना बाजारात सहज मिळणारा हाच नऊ पिनांचा प्लग लावला. कित्येक रिमोटांचा आकारही मेगाड्राइव्हच्या कंट्रोलरसारखा केलेला असे. बाहेरून सेगा, प्लग अटारीचा, आणि आतली भाषा निंटेंडोची! असा रिमोट मेगाड्राइव्हला लावणे म्हणजे आंधळेपणाने तारा जोडणे होय. भरीस भर म्हणून, हाच प्लग जुन्या संगणकांवर मोडेमसाठी असलेल्या सीरियल पोर्टलाही असतो, आणि तेथे तर व्होल्टेजची जातच वेगळी, शून्याच्या वर आणि खालीही जाणारी.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. वर निंटेंडोच्या भाषेचा उल्लेख आला, ती समजून घेतली म्हणजे याच्या नेमकी उलट गोष्ट दिसेल.

फॅमिकॉमच्या आणि त्याच्या १९८५ साली अमेरिकेत निघालेल्या एनईएस या भावंडाच्या कंट्रोलरवर आठ बटणे आहेत. पण तारा पाचच. एक पुरवठ्याची, एक ग्राउंडची, आणि बातमीसाठी केवळ तीन. ही बातमी शाळेतल्या हजेरीसारखी घेतली जाते. गुरुजी प्रथम म्हणतात, सावधान! ती पहिली तार. त्या क्षणी कोणते बटण दाबलेले आहे आणि कोणते नाही, हे कंट्रोलरमधली एक चिप जसेच्या तसे धरून ठेवते. मग गुरुजी छडी एकेकदा टेबलावर आपटतात, ती दुसरी तार. प्रत्येक ठोक्याला पुढचा विद्यार्थी तिसऱ्या तारेवरून हजर किंवा गैरहजर असे उत्तर देतो. क्रम ठरलेला आहे. प्रथम ए, मग बी, मग सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावी आणि उजवी. आठ ठोक्यांत हजेरी पूर्ण.

१९९० साली जपानात या यंत्राची पुढची आवृत्ती, सुपर फॅमिकॉम, निघाली. कंट्रोलरवरची बटणे बारा झाली, आकार बदलला, प्लग अगदी निराळा झाला. जुना प्लग नव्यात किंवा नवा जुन्यात कितीही दाबला तरी शिरणार नाही. कोणीही म्हणेल, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण आत पाहिले तर तारा त्याच पाच, व्होल्ट तेच पाच, आणि हजेरीची पद्धतही तीच. ठोके तेवढे आठांऐवजी सोळा. नवा कंट्रोलर जुन्या यंत्राला जोडावयाचा तर पाच तारा पाच तारांना जोडाव्यात. चिप नको, डायोड नको, काही नको. जुने यंत्र आठ ठोके देऊन थांबते, आणि नव्या कंट्रोलरची पहिली आठ उत्तरे त्याला पुरतात. एवढेच ध्यानात ठेवावयाचे की, नव्यात पहिला विद्यार्थी बी आणि दुसरा वाय आहे, म्हणून जुन्या खेळात बी हे ए चे काम करते आणि वाय हे बी चे. उलट दिशेने जाताना मात्र थोडा विचार हवा. यंत्र सोळा नावे पुकारणार आणि वर्गात आठच मुले, तर उरलेल्या हाकांना खेळ काय समजेल हे पाहावे लागते.

तेव्हा दोन उदाहरणे समोरासमोर ठेवू. मेगाड्राइव्ह आणि कमोडोर यांचे प्लग एकसारखे, पण बोलणे विसंगत. दोन निंटेंडोंचे प्लग विसंगत, पण बोलणे एकसारखे. पहिल्या ठिकाणी जो डोळ्यांवर विश्वास ठेवतो त्याचे यंत्र जाण्याची भीती. दुसऱ्या ठिकाणी जो डोळ्यांवर विश्वास ठेवतो तो चांगला कंट्रोलर निरुपयोगी म्हणून भंगारात टाकतो. आमचे म्हणणे थोडक्यात इतकेच आहे. बसते ते जुळतेच असे नाही, आणि बसत नाही ते परकेच असते असेही नाही.

तिसराही एक प्रकार आहे. प्लग निराळा आणि भाषाही निराळी. १९९६ सालच्या निंटेंडो ६४ ला तीनच तारा आहेत, आणि बोलणे व ऐकणे या दोन्हींना मिळून एकच. तिच्यावरचे प्रत्येक अक्षर सेकंदाच्या चार दशलक्षांश भागांत उरकते. तार एक भाग शून्यावर आणि तीन भाग वर राहिली तर त्याचा अर्थ एक, तीन भाग शून्यावर आणि एक भाग वर राहिली तर त्याचा अर्थ शून्य. शिवाय येथे पाच व्होल्ट नाहीत, सुमारे सव्वातीन आहेत. तेथे पाच घातले तर आतल्या चिपेस इजा होऊ शकते. असा कंट्रोलर आजच्या यूएसबीच्या संगणकास जोडावयाचा तर नुसत्या तारांनी भागत नाही. दोन्ही भाषा जाणणारा दुभाषा मधे बसवावा लागतो. तो म्हणजे मायक्रोकंट्रोलर. एटीमेगा ३२यू४ या चिपेचे लहानसे बोर्ड यासाठी पुष्कळ वापरले जाते, कारण ती चिप यूएसबी स्वतःच बोलते.

पण दुभाष्याने भाषांतर करताना वेळ लावू नये. आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर सेकंदाला ५० चित्रे उमटतात, म्हणजे एका चित्राला २० मिलिसेकंद मिळतात. अमेरिकेत आणि जपानात ६० चित्रे, म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद. बहुतेक खेळ प्रत्येक चित्रामागे एकदा हजेरी घेतात. दुभाषा दोन चित्रांइतका रेंगाळला तर खेळणाऱ्याने खड्ड्यावरून उडी मारलेली असते आणि पडद्यावरचा गडी मात्र खड्ड्यात पडलेला असतो. तारांच्या साध्या जोडणीत हा उशीर मुळीच नाही. म्हणून जेथे तारांनी भागते तेथे दुभाषा बसवू नये, असे आमचे मत आहे.

आणि काही ठिकाणी दुभाष्याचाही इलाज चालत नाही. एनईएसबरोबर झॅपर नावाची बंदूक मिळे. तिचा चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होई आणि लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटे. तो उजेड बंदुकीच्या नळीतल्या डोळ्यास दिसला तर नेम लागला. हा सारा हिशेब जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर बसवलेला आहे, कारण तेथे चित्र त्याच क्षणी रेघेरेघेने उमटते. आजच्या सपाट पडद्यावर ते उशिरा आणि निराळ्या रीतीने उमटते. प्लग कितीही चांगला जोडला तरी बंदुकीला लक्ष्य दिसत नाही. अॅडॅप्टर भाषा बदलू शकतो; जग बदलू शकत नाही.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी चार शब्द. ज्यांना हे घरी करावयाचे असेल त्यांनी प्रथम सोल्डरची बंदूक तापवू नये. प्रथम कागद आणि पेन्सिल घ्यावी. कागदावर दोन उभे रकाने आखावे, एकात यंत्राच्या पिना, दुसऱ्यात कंट्रोलरच्या. प्रत्येक पिनेपुढे ती काय सांगते ते लिहावे, आणि मगच रेघा ओढाव्या. तारांच्या रंगांवर भरवसा ठेवू नये. विशेषतः नकली मालात लाल तार पुरवठ्याचीच असेल आणि काळी ग्राउंडचीच असेल असा नेम नसतो. मल्टीमीटर बझरवर ठेवून प्रत्येक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवून पाहावी. सोल्डर झाल्यावर शेजारच्या पिना एकमेकींस चिकटल्या नाहीत ना, आणि मुख्यतः पाच व्होल्ट व ग्राउंड एकमेकांस टेकले नाहीत ना, हे यंत्राला लावण्यापूर्वी तपासावे. लावताना यंत्र बंद असावे. आणि मूळ कंट्रोलरची वायर कापण्यापेक्षा शक्य तर वाढीव वायर विकत घेऊन ती कापावी. जुनी वस्तू आपण दुरुस्त करावी, तिचा बळी देऊ नये.

इतके कष्ट कशासाठी, असा प्रश्न अजूनही कोणाच्या मनात असेल. त्याचे उत्तर आम्ही आता देतो.

१९८९ साली निंटेंडोने हातांचा उपयोग करू न शकणाऱ्यांसाठी एक कंट्रोलर काढला. तो छातीवर बांधावयाचा. हनुवटीने किंवा जिभेने काडी हलवावयाची, आणि एका नळीत फुंकर मारून किंवा ती ओढून ए आणि बी ही बटणे दाबल्यासारखे करावयाचे. यंत्र मात्र तेच, दुकानात मिळणारे. त्यात एक खिळाही बदलावा लागला नाही. कारण यंत्र हजेरी घेते, ती देणारा हात आहे की हनुवटी, हे ते विचारत नाही. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी असाच एक कंट्रोलर काढला. त्याच्या मागच्या कडेला साडेतीन मिलिमीटरची १९ भोके ओळीने आहेत, हेडफोनची असतात तशी. प्रत्येक भोक म्हणजे एक बटण. त्यात पायाने दाबावयाचा खटका लावा, डोक्याने दाबावयाचा लावा, कोपराने दाबावयाचा लावा.

त्या भोकात जो खटका जातो, त्याला दोनच तारा असतात. दाबले की टेकतात, सोडले की सुटतात. म्हणजे तो अटारीच्या काडीतला खटकाच. तोच खटका एका नऊ पिनांच्या प्लगच्या सहाव्या आणि आठव्या पिनांना जोडला तर १९७७ सालच्या यंत्रावर गोळी झाडता येते. दोन तारा, एक प्लग, एक भोक, अर्ध्या तासाचे काम. अर्धांगवायूने एक बाजू गेलेल्या गृहस्थास, किंवा बोटे वळत नसलेल्या मुलीस, कंपनीने ठरवलेल्या आकाराचा कंट्रोलर धरता येत नाही. आजवर आपण म्हणत आलो की, तिला खेळता येत नाही. वस्तुतः तिला खेळता येत होते; प्लग बसत नव्हता. दोष तिच्या हातात नव्हता, मधल्या जोडणीत होता. खेळात आणि जगात हा फरक ओळखणे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते.

शेवटची गोष्ट ज्ञानाची. कोणत्या पिनेवर काय आहे, ही माहिती यंत्राच्या कवचावर लिहिलेली नसते. ती कोणीतरी मीटर घेऊन बसून काढलेली असते आणि दुसऱ्यासाठी टिपून ठेवलेली असते. ती हरवली तर यंत्र शाबूत असूनही मुके होते. २०२२ साली आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा प्रश्न हाती घेतला, हे योग्यच झाले. पण हक्क कागदावर आला तरी हात शिकलेले हवेत. आपल्या गावातल्या रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्या वडीलधाऱ्या कारागिरांजवळ अशा कित्येक टिपणांच्या वह्या आहेत. त्यांच्यापाशी जाऊन बसावे, विचारावे, उतरवून घ्यावे. आपल्या मुलांना एकदा तरी मीटर हातात द्यावा आणि तार वाजवून पाहू द्यावी. जोडण्यापूर्वी विचारावे, तू काय सांगतोस? एवढी सवय लागली तरी या तासाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.